आधी सालं, मग बाग

मास्तरांच्या बागेच्या गोष्टी मी आजवर पुष्कळांना सांगितल्या आहेत. ऑफिसात डबा खाताना सांगितल्या, लग्नाच्या पंगतीत सांगितल्या, नातवंडांना झोपवताना सांगितल्या. टर्की कोंबड्याची, उंटाच्या रेनकोटाची, बदकांना नमस्कार करायला लावल्याची. लोक हसतात आणि शेवटी कोणीतरी विचारतंच, त्या उंटाचं पुढे काय झालं? म्हातारा होता, गेला, असं म्हणून मी पाणी पितो.

उंट म्हातारा होता हे खरं आहे. पण तो म्हातारपणाने गेला नाही.

हे लिहायला इतका उशीर झाला त्याचं एक कारण माझ्या विहीणबाई. त्या मागच्या वर्षी गेल्या. त्या होत्या तोवर घरच्या प्रत्येक कार्यात उंटाची गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या, त्यांच्या बाजूने, मोठ्या कौतुकाने. त्यांना ती पुण्यकर्माची गोष्ट वाटे. मी त्या वेळी ताटाकडे बघत बसे. दुसरं कारण मी स्वतः, आणि ते जास्त मोठं आहे. ज्या दोघांना हे सांगायला हवं होतं ते दोघेही आता नाहीत. म्हणजे आता सांगण्यात धैर्यही फारसं उरलेलं नाही. तरी सांगतो.

नव्वदच्या दशकात आम्ही परळला सरकारी वसाहतीत राहत होतो. मे महिन्यात आठवडाभर वसईकडच्या समुद्रावर, कळंबला जायचो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मामांचं तिथे सुरूच्या बनाजवळ दोन खोल्यांचं कॉटेज होतं. समुद्रात दोन दिवस डुंबून मुलं काळी झाली की कंटाळायची. अशाच एका दिवशी आम्ही एसटीने आगाशीच्या बाजाराला निघालो होतो. रस्त्याच्या कडेला नारळ-केळीच्या वाड्या, त्यांच्या बुटक्या भिंती, आणि एका भिंतीवरून रस्त्यावर आलेली उंटाची मान. माझी मुलगी एवढ्या मोठ्याने ओरडली की कंडक्टरने घंटी मारली. आम्ही उतरून मागे चालत आलो.

फाटकावर पाटी नव्हती. आत शिरताच धुण्याचा एक मोठा काळा दगड होता आणि त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, ‘आधी सालं, मग बाग’. आम्ही ते वाचतोय तोवर केळींमधून एक उंच, वाळका माणूस आला. अंगात बँडवाल्यांचा लाल कोट, सोनेरी बटणांचा, खाली खाकी अर्धी चड्डी. भर मे महिन्यात. मी तिकीट किती म्हणून विचारलं.

“तिकीट नाही. सालं आणलीत?”

“कसली सालं?”

“काल घरात भाजी कसली झाली?”

“दुधीची,” माझी बायको म्हणाली.

“मग सालं कुठे गेली त्याची?”

ती कचऱ्यात गेली होती. मास्तरांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही दागिने कचऱ्यात टाकून आलोय. आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दुधीची, बटाट्याची आणि कलिंगडाची सालं पिशवीत भरून परत गेलो. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझं नाव ‘दुधीवाले’. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यांचंही मी इथे लिहिणार नाही. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. शाळेचे नव्हेत, बँडचे. वसईच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला माणूस, वडिलोपार्जित वाडी. तरुणपणी गावच्या ब्रास बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, वाजवायचे, पुढे बँडचे मास्तर झाले. लग्न असो, सण असो, मयत असो, मास्तर वाजवायला पुढे. स्वतःचं लग्न मात्र केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणत, “लोकांच्या लग्नात इतकं वाजवलं की आपल्या लग्नाला दम उरला नाही.”

बाग केव्हा सुरू झाली हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. आधी बावखलातली कासवं होती. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. तिकडच्या जुन्या वाड्यांमधून असतंच. मग कोणीतरी ससे आणून दिले, कोणी गिनीपिग. टर्की नाताळासाठी विकत आणलेला होता, पण कापायच्या दिवशी तो पळून चर्चच्या अंगणात जाऊन बसला. मास्तरांनी ही खूण मानली आणि तो आयुष्यभर राहिला. आलेल्या प्रत्येकाला मास्तर त्याची ओळख करून देत, “याची शिक्षा माफ झालेली आहे.” बदकांना मात्र आपणच नमस्कार करायचा. केला नाही तर ती पायाला चावत. केला तरी चावत, पण मग मास्तर त्यांना रागावत. माणसांशी ते शुद्ध मराठी बोलायचे आणि जनावरांशी घरच्या बोलीत. त्यामुळे बदकांना नेमकं काय सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

उंट समुद्रावरचा. पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरवायचा. पाय दुखावल्यावर मालक त्याला सोडून आपल्या मुलखात गेला आणि मास्तरांनी त्याला लंगडत लंगडत वाडीत आणलं. त्याला नाव नव्हतं. एकच तर आहे, नाव कशाला, असं मास्तरांचं म्हणणं. वसईचा पावसाळा उंटाला सोसेना, अंगाला खाज सुटली, तेव्हा त्यांनी आगाशीच्या बाजारातल्या शिंप्याला शिडी लावून उंटाची मापं घ्यायला लावली आणि ताडपत्री आणि बँडच्या जुन्या ढोलांच्या खोळी जोडून रेनकोट शिवून घेतला. आम्ही जायचो तेव्हा तो गोठ्यात खुंटीला टांगलेला असे. मुलं त्याच्यात तंबूसारखी शिरून बसत.

झाडांचा भाग मागच्या बाजूला होता. तिथल्या झाडांवर पत्र्याच्या पाट्या होत्या, पण झाडाचं नाव नाही, झाड आलं त्या घराची खूण. ‘बोळिंजची मावशी.’ ‘उमेळ्याचा सुतार, आता तिथे इमारत.’ ‘ज्याने विहीर बुजवली तो.’ वाड्या विकल्या जात होत्या. कुठे झाडं तोडणार असं कळलं की मास्तर हातगाडी घेऊन जायचे आणि राजेळी केळीचा कोंब, अबोली, सोनचाफ्याची फांदी, मिळेल ते घेऊन यायचे. लोक म्हणायचे, मास्तरांकडे गेलं की आपली वाडी भेटते. एक म्हातारी तर दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर येऊन आपल्याच जुन्या पेरूखाली बसायची. तिलाही सालं आणावी लागत.

या सालांचीच खरी गंमत होती. पिशवी दगडावर रिकामी करायची आणि मास्तर एकेक साल उचलून बघायचे, वास घ्यायचे, आणि मोठ्याने घर वाचायचे. काल पाहुणे होते. घाईत कापलंय, नळ जाणार होता वाटतं. भेंडीचे देठ एवढे मोठे, सासूबाई गावाला गेल्या का? सगळी रांग ऐकत असे. माझ्या बायकोची बटाट्याची सालं हातात धरून त्यांनी विचारलं, “वहिनी, एवढं जाड? आत बटाटा राहिला का?”

“राहिला की,” ती म्हणाली. “तुमच्या उंटासाठी म्हणून मुद्दाम जाड काढलं. पातळ काढते आता.”

मास्तर खुशीत हसले. तेव्हापासून हिचं साल कितीही जाड असो, ते काही बोलत नसत.

एकदा एका गृहस्थाच्या पिशवीतून नुसती केळ्याची सालं निघाली. मास्तर म्हणाले, बायको माहेरी का? तर ती खरंच माहेरी गेली होती, आणि भांडून. तो माणूस फिरला आणि चालायला लागला. मास्तर रस्त्यापर्यंत त्याच्यामागे धावले. लाल कोटातला तो उंच माणूस भर रस्त्यात हात जोडून उभा होता. “चुकलं माझं. माफ करा. चला, जेवून जा.” आणि त्याला घेऊनच आले. मी ते पाहिलं होतं. माफी मागायला किती कमी वेळ लागतो ते त्या दिवशी माझ्यासमोर घडलं होतं.

दगडावरचा एक नियम मात्र कडक होता. चुलीवर चढलेलं काही चालायचं नाही. भात नाही, पोळी नाही, शिरा नाही. फार पूर्वी शेजारच्या लग्नातला उरलेला भात त्यांनी शेळीला घातला होता आणि शेळी फुगून मेली होती. हे त्यांनी मलाच सांगितलं होतं, स्वतःच्या पोटावर हात ठेवून, कशी फुगली ते दाखवत. “तिला वाटलं माझा मास्तर देतोय म्हणजे चांगलंच असणार,” ते म्हणाले. एका वर्षी मोटारीतून आलेल्या एका कुटुंबाने पुऱ्या आणल्या होत्या. मास्तरांनी त्या दगडावर ओतल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “हे तुम्ही खा. माझ्याकडे जनावरं आहेत, उष्टं खाणारे भिकारी नाहीत.” त्या बाई रडवेल्या होऊन गाडीत जाऊन बसल्या. पुढे जे झालं त्याला हा प्रसंग कारण झाला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ती माझी सोय आहे.

नियमाला अपवाद एकच, पाववाला. हा बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. मिठागरांकडच्या गावातला, बुटका, दणकट. सकाळी सायकलला पावाची पेटी लावून तो त्या रस्त्याने यायचा आणि भोंगा वाजवायचा. भोंगा ऐकला की उंट भिंतीशी. पाववाला त्याला एक पाव द्यायचा, मग पेटीवर बोटांनी ठेका धरायचा, आणि आतून, मास्तर जिथे असतील तिथून, कॉर्नेटचे चार सूर यायचे. हे रोज. त्या ठेक्याने आमची कळंबची सुट्टी सुरू झाल्यासारखी वाटे. आम्ही त्यासाठी सकाळीच जायचो. पाव कसा चालतो म्हणून मी एकदा विचारलं होतं. मास्तर म्हणाले, “चालत नाही. पण बँडचा मान आहे. एकाने काही होत नाही, आणि तो एकाच्या वर देत नाही.”

दुपार झाली की ते बावखलाच्या काठावर उभे राहून कॉर्नेटवर एक लांब, उतरत जाणारी धून वाजवत. याचा अर्थ जनावरांची झोपायची वेळ झाली, माणसांनी निघावं. धून मयताची होती, पण ते फक्त गावकऱ्यांना माहीत. आम्ही आपले आनंदाने निघायचो.

दशक सरत आलं तेव्हा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर नाशिककडचं, खटल्याचं. विहीणबाई करारी. बैठकीत मानपानावरून एकदोनदा शब्दाला शब्द लागला होता आणि मुलीचा चेहरा उतरला होता. सगळं गोड व्हावं म्हणून मी दोन्ही घरांना कळंबला बोलावलं. सकाळी उसळ-पावाचा बेत. कॉटेजच्या राखणदाराकडून आगाशीच्या बेकरीतून लाद्याच्या लाद्या आणवल्या. पण व्याह्यांकडच्या दोन गाड्यांपैकी एकच आली, दुसरीतल्या मंडळींचं ऐनवेळी रहित झालं. पोतंभर पाव उरले, शिवाय पातेलंभर भात.

मुलीला होणाऱ्या नवऱ्याला उंट दाखवायचा होता. सगळे बागेत निघालो तेव्हा विहीणबाईंनी पोतं उचलायला लावलं. अन्न टाकायचं नसतं, मुक्या जनावरांच्या मुखी पडेल, त्या म्हणाल्या. भातही त्यात ओतायला लावला. माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला नियम माहीत होता. मी डोळ्यांनी तिला गप्प केलं.

गाडीत बसल्या बसल्या मला तो दगड दिसत होता. त्यावर ते पोतं ओतलं जाणार, मास्तर लाल कोटात उभे राहून बोलणार, आणि विहीणबाई ऐकणार. मला मोटारीतल्या त्या रडवेल्या बाई आठवल्या. या रडणाऱ्यातल्या नव्हत्या. या गाडी वळवायला लावणाऱ्यातल्या होत्या. ‘पोतं गाडीतच राहू दे, इथे चालत नाही’ एवढं मी बोलू शकलो असतो. पण होणाऱ्या विहिणीला ‘चालत नाही’ म्हणायचं माझ्याच्याने झालं नाही. फाटक यायच्या आधी, भिंतीपाशी, मी गाडी थांबवली. म्हणालो, उंट इथूनच खातो, इथेच घालू.

उंटाने मान बाहेर काढली. विहीणबाईंनी पहिला पाव स्वतःच्या हाताने दिला आणि हात जोडले. मग त्यांच्या साडीला लाळ लागू नये म्हणून उरलेलं मी घातलं. पोतं उलटं करून भिंतीपलीकडे सगळं ओतलं. उंट मान खाली घालून खात राहिला. विहीणबाई लहान मुलीसारख्या हसत होत्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होतो, आणि माझी मुलगी त्यांच्या शेजारी उभी राहून हसत होती.

मग रिकामं पोतं डिकीत टाकून आम्ही फाटकातून रीतसर गेलो, काकडीच्या सालांची पिशवी घेऊन. मास्तरांनी ती दगडावर ओतली, एक साल उचललं, उजेडात धरलं. “दुधीवाले, आज घरात कार्य आहे. एवढं पातळ साल बाई केव्हा काढते? परीक्षा असते तेव्हा.” सगळे हसले. विहीणबाई सगळ्यात जास्त. मास्तर त्यांना म्हणाले, या घराने इतक्या वर्षांत कधी नियम मोडला नाही, मुलगी डोळे मिटून घ्या. आणि भेट म्हणून सोनचाफ्याचं रोप देतो म्हणाले, मुळं नीट बांधून ठेवतो, उद्या सकाळी घेऊन जा.

ते रोप आणायला दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो.

उंट भिंतीपाशीच बसला होता. मान जमिनीवर पसरली होती आणि पोट एका बाजूला ढोलासारखं ताणलेलं. गुरांचे डॉक्टर बाह्या सरसावून उभे होते. काल काहीतरी भरमसाट खाल्लंय, पोटात आंबलंय, ते म्हणत होते. मास्तरांच्या अंगात कोट नव्हता. बनियनवर ते मला अगदीच बारीक वाटले. भिंतीच्या मुळाशी वाकून त्यांनी मातीतून काहीतरी उचललं. पावाचा तुकडा होता. भाताचं शीत एकही राहिलेलं नव्हतं, ते बदकांनी टिपलं असणार.

तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला.

पाववाला नेहमीसारखा सायकल टेकवून, हातात पाव घेऊन भिंतीशी आला आणि आतलं दृश्य बघून थबकला. मास्तरांनी तो तुकडा त्याच्यापुढे धरला.

“काल काय टाकलंस?”

“रोजचाच पाव.”

“रोजचाच? एकच?”

पाववाला काही बोलला नाही. त्याने खाली पाहिलं. मास्तरांनी पुन्हा विचारलं, हळू, आणि तो पुन्हा गप्प. मी त्याच्या त्या गप्प बसण्याकडे बघत होतो. माझ्या हातात चाफ्याचं रोप होतं. मास्तरांनी आधीच बांधून दगडावर ठेवलं होतं, ते मी येताना उचललं होतं.

“या रस्त्याने परत येऊ नकोस,” मास्तर म्हणाले.

तो गेला. त्याला पेटीचं झाकणही नीट लावता आलं नव्हतं, ते वाटेभर वाजत राहिलं. मी तोंड उघडलं, पण त्यातून एवढंच आलं की काही लागलं तर सांगा. मास्तरांनी मान हलवली. “तुम्ही निघा, दुधीवाले. घरी पाहुणे आहेत.”

उंट संध्याकाळी गेला. ते मला राखणदाराकडून कळलं. मी घरी सांगितलं, म्हातारा होता. मुलगी रडली. विहीणबाई म्हणाल्या, जाताना पोटभर जेवून गेला बिचारा. हे वाक्य त्या पुढे वीस वर्षं म्हणत राहिल्या. त्यांच्याकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही. त्यांना नियम माहीत नव्हता.

पुढच्या मे महिन्यात, मुलीचं लग्न पार पडल्यावर, मी एकटाच गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. पिशवीत सालं होती. ती ओतायची, आणि दगडापाशीच बोलायचं. भिंत उंच केली होती. पाववाला दुसऱ्या रस्त्याने जातो असं फाटकाशी कोणीतरी म्हणालं. बँडही मोडला होता, ढोल नाही तर बँड कसला. मास्तर आले. कोट होता, बटणं लावलेली नव्हती. मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली आणि न उघडताच बाजूच्या टोपलीत ओतली.

“बघा तरी,” मी म्हणालो.

“तुमची पिशवी मी आता बघत नाही. एका माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तो चुकला. आता तुम्ही तरी असू द्या.”

मी आत गेलो. बदकांना नमस्कार केला. चाफ्याखाली बसलो. दुपारी कॉर्नेटची धून वाजली तेव्हा सगळ्यांबरोबर बाहेर पडलो. त्यानंतर मी कळंबला गेलो नाही. सहकाऱ्याला सांगितलं, गुडघे दुखतात, वाळूत चालवत नाही.

पुन्हा गेलो तो निवृत्त झाल्यानंतर, बायको गेली त्या वर्षी. शेवटच्या आजारात तिने एकदाच विचारलं होतं, मास्तरांना सांगितलंत का? मी हो म्हणालो होतो. ते खोटं तरी खरं करावं म्हणून गेलो. स्वयंपाकघरात सालं कुठून असणार, मी बाहेरचं जेवत होतो. विरारला उतरल्यावर एक दुधी विकत घेतला आणि स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून खिशातल्या चाकूने तो सोलला. लोक बघत होते.

वाडी होती, झाडं पुष्कळशी होती, पण फाटकाला कुलूप होतं. मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले, शेजारच्या घरातल्या बाईंनी सांगितलं. पुतणे परदेशात. जनावरं जो मागेल त्याला दिली. टर्की त्यांच्या आधीच गेला होता, आपल्या मरणाने.

मग मी आगाशीच्या बाजारात बेकरीवर गेलो. पाववाला तिथे भट्टीसमोर स्टुलावर बसला होता, पार म्हातारा, पायावर सूज. मुलगा दुकान बघत होता. भिंतीवर खिळ्याला कॉर्नेट टांगलेलं होतं, पिठाने पांढरं झालेलं. मी म्हणालो, मी मास्तरांच्या बागेत यायचो, दुधीवाले. त्याने मला ओळखलं. बसा म्हणाला. चहा मागवला. मला सांगायचं वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं. मी सुरुवात केली, “त्या उंटाचं...”

“उंट मीच मारला,” तो म्हणाला.

मी थांबलो. तो भट्टीकडे बघत बोलत होता. त्या दिवशी पाव उरले होते, चार-पाच जास्त टाकले. रोज एक, त्या दिवशी चार-पाच. वाटलं, तेवढ्यानं काय होतं. मास्तरनी विचारलं तेव्हा जीभच उचलली नाही. एवढी वर्षं पापनिवेदनाला जायचो, तिथं पन हेच सांगायचो. फादर बोलायचे, ज्याचा उंट त्याला जाऊन सांग. पाय वळायचा नाही.

“मग मास्तर आजारी पडले तवा गेलो. बोललो, मास्तर, मीच तो. हात धरला माझा. बोलले काय, टर्कीला माफ केला, तुला नाही करनार? दोघं पन रडलो. मग मी पेटीवर ठेका धरला, त्यांच्यात फुंकायचा दम नव्हता, तोंडानंच सूर काढला. जाताना बोलले, कॉर्नेट घेऊन जा.” त्याने मनगटाने डोळे पुसले. गालाला पीठ लागलं. “आता काय नाही. आता बरा झोपतो.”

चहा आला. बाजारात कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. जी माफी मला मिळायची होती ती त्याने मागितली होती, त्याला मिळाली होती, आणि ती घेऊन तो सुखाने झोपत होता. मी खरं बोललो असतो तर त्याच्या हातात काय राहिलं असतं, असा विचार मी तेव्हा केला. थोर विचार वाटतो. पण खरं बोललो असतो तर त्याला हेही कळलं असतं की त्याने इतकी वर्षं फुकट काढली, मित्राचा रस्ता सोडून. हे त्याला कळायला हवं होतं. मी त्याच्यासाठी गप्प बसलो नाही. तेव्हा भिंतीपाशी गप्प राहिलो होतो, तसाच इथेही राहिलो.

“तुम्ही पन कायतरी सांगत होता,” तो म्हणाला. “कशाला आला होता एवढ्या लांब?”

“पाव घ्यायला,” मी म्हणालो.

त्याने मुलाला हाक मारून ताजी लादी बांधायला लावली. मी निघालो तेव्हा तो स्टुलावरून उठायला बघत होता, मी त्याला बसवलं. रिक्षात मांडीवर लादी गरम लागत होती आणि पिशवीत दुधीची सालं तशीच होती. वाक्य फार मोठं नव्हतं. आजही पाठ आहे. ‘तुमच्या पावाने काही झालं नाही, तिथे पोतंभर पाव आणि भात मी ओतला होता, तुम्ही मास्तरांचं काही बिघडवलं नव्हतं, मी तुम्हा दोघांचं बिघडवलं, मला माफ करा.’